बंदुकीची स्प्रिंग आणि तारेचा नंबर

कापडाचा धंदा करणाऱ्या माणसाने बंदुकीच्या स्प्रिंगवर लिहायला घेतले हे पाहून वाचकांना नवल वाटेल. भिवंडीत आमचे जवळजवळ तीस वर्षांपासून ग्रे कापडाचे काम आहे. बंदूक आम्ही आयुष्यात कधी चालवलेली नाही आणि आमच्या नावावर परवानाही नाही. पण २०१९ साली आमच्या नात्यात असा एक प्रकार घडला की, भाताच्या दाण्याहून लहान अशा एका स्प्रिंगच्या मागे आम्हाला वर्षभर हिंडावे लागले. त्या हिंडण्यात जे कळले ते या पानाच्या वाचकांच्या उपयोगाचे आहे असे वाटते, कारण त्यात बंदुकीपेक्षा तारेचा, कारागिराचा आणि बाजाराचा विषय जास्त आहे.

आमच्या मामूंचे गाव महाड तालुक्यात. भाताची शेती आणि शेताला लागूनच रान. लोंब्या भरू लागल्या की रानडुकरांचा कळप उतरतो आणि एका रात्रीत अर्धा खाचर आडवा करून जातो. आमच्या मरहूम नानांनी इंग्रजांच्या अमदानीत एक दुनळी बंदूक घेतली होती. १२ बोअरची, बर्मिंगहॅमची बनावट, दोन्ही घोडे बाहेर दिसणारे. परवाना पिकाच्या रक्षणासाठीचा. नानांनंतर मामू आणि मामूंच्या इंतकालानंतर रीतसर अर्ज करून मामेभाऊ, अशी ती तीन पिढ्या चालत आली. मामेभाऊ आमच्यापेक्षा मोठे, आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. डुकराला मारण्याचा प्रश्न नाही, त्याला वनखात्याची परवानगी लागते. रात्री हवेत एक बार काढला की कळप पळतो, एवढाच तिचा उपयोग.

२०१९ साली लोकसभेची निवडणूक आली आणि रिवाजाप्रमाणे परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांना हे माहीत आहे. जमा करताना तेल लावून दिली तरी कोंदट खोलीत दोन-अडीच महिने पडून राहिल्यावर ती जशी गेली तशी परत येत नाही. कोकणची हवा लोखंडाची दुश्मन आहे. बंदूक परत आल्यावर भाईजाननी पहिला बार काढला आणि नंतर ती उघडेना. जोर लावून उघडली तेव्हा रिकाम्या काडतुसाच्या टोपीवर एक ओरखडा दिसला. डाव्या नळीचे असे, उजव्या नळीचे ठीक.

इथे थोडे यंत्राचे सांगावे लागेल. अशा बंदुकीत घोडा काडतुसावर थेट पडत नाही. मध्ये नळीच्या मागच्या लोखंडी भिंतीत एक छोटी पिन असते. घोडा पिनेवर पडतो, पिनेचे टोक भिंतीतून जरासे पुढे येऊन काडतुसाच्या टोपीवर आपटते आणि बार उडतो. त्यानंतर घोडा आपोआप थोडा मागे सरकतो आणि पिनेलाही मागे जावे लागते. तिला मागे ढकलते ती पिनेभोवती बसवलेली लहानशी गुंडाळी स्प्रिंग. ती स्प्रिंग तुटली किंवा मेली तर पिनेचे टोक बाहेरच राहते आणि टोपीच्या खड्ड्यात अडकते. म्हणून बंदूक उघडत नाही, म्हणून तो ओरखडा. पण यापेक्षा वाईट गोष्ट पुढची आहे. पिनेचे टोक बाहेर असताना नवे काडतूस घालून बंदूक मिटली तर घोडा न चढवता, चापाला बोट न लावता ते टोक नव्या टोपीवर आदळू शकते.

भाईजाननी बंदूक शहरातल्या एका परवानाधारक दुकानात दिली. दुकानाचे नाव आम्ही लिहीत नाही. पंधरा दिवसांनी बंदूक मिळाली, ‘विलायती स्प्रिंग टाकली’ म्हणून पंधराशे रुपयांचे बिल झाले. बिलावर फक्त ‘दुरुस्ती’ एवढाच शब्द. दोन-तीन बार ठीक निघाले. मग दिवाळीच्या आसपास एका रात्री शेताच्या माळ्याखाली उभे राहून भाईजाननी डाव्या नळीत काडतूस घातले, बंदूक मिटली, आणि मिटता मिटताच बार झाला. नळीचे तोंड त्यांच्या जुन्या शिस्तीप्रमाणे जमिनीकडे होते. छर्रे बांधात घुसले. शेतावरचा गडी शेजारीच बॅटरी धरून उभा होता, त्याच्या पायापासून हातभर अंतरावर ते भोक पडले. त्या गड्याने दुसऱ्या दिवसापासून रात्रीच्या राखणीला येणे बंद केले. त्याला दोष कोण देणार?

भाईजानचा आम्हाला फोन आला तो सकाळी. आवाज थरथरत होता. म्हणाले, “तू लूमच्या बाजारात फिरतोस, स्प्रिंग बनवणारे तुझ्या ओळखीचे असतील. मला एक चांगली स्प्रिंग करून पाठव, मी इथेच बसवून घेतो.” आम्हीही त्या वेळी हो म्हणून बसलो. आमचे अज्ञान. ते कसे दूर झाले ते पुढे येईल.

भिवंडीत स्प्रिंग ही काही नवलाची वस्तू नाही. साध्या लूमवर ठिकठिकाणी स्प्रिंग असते. धोट्यात कांडी धरून ठेवायला असते, डॉबीच्या चौकटी खाली खेचायला लांब लांब असतात. जॉबर लोक तुटलेली स्प्रिंग खिशात घालून दुकानात जातात, तशीच दिसणारी घेऊन येतात आणि लूम चालू करतात. लूमवर चुकीची स्प्रिंग लागली तर धागा तुटतो, फार तर कापडात दोष येतो आणि मीटरमागे पैसे कापले जातात. ‘तशीच दिसणारी’ हा हिशेब तिथे चालून जातो. आम्हीही तसाच विचार करत होतो.

आमच्या एका ओळखीच्या वकिलांनी आम्हाला वेळेवर थांबवले. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्यातल्या पाचव्या कलमाप्रमाणे शस्त्र बनवणे आणि विकणे याप्रमाणे शस्त्राची दुरुस्ती करणे यालाही परवाना लागतो. आणि कायद्यात शस्त्र म्हणताना शस्त्राचे भागही त्यात धरलेले आहेत. तेव्हा बंदुकीचा म्हणून भाग कुणाकडूनही बनवून घ्यायचा, तो टपालाने गावी पाठवायचा आणि गावच्या मिस्त्रीकडून बसवून घ्यायचा, यातल्या प्रत्येक पायरीवर माणूस अडकू शकतो. परदेशातून पार्सलने मागवावे म्हटले तरी आयातीला त्याच कायद्याच्या दहाव्या कलमाखाली परवाना लागतो. भाईजानची बंदूक आमच्या हातात देऊन ‘तू मुंबईला घेऊन जा’ असेही नुसत्या तोंडी सांगण्यावर करता येत नाही. परवाना ज्याच्या नावावर आहे त्याने स्वतः परवान्याचे पुस्तक बरोबर घेऊन, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याने, बंदूक न्यायची, आणि दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडेच द्यायची. वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी जुनी बंदूक असेल तर त्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. याच कायद्यात २०१९ च्या डिसेंबरात दुरुस्ती होऊन एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात असे झाले आहे, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. ज्यांच्याकडे वारशाने आलेल्या तीन-तीन आहेत त्यांनी त्याचाही विचार करावा. असो.

तेव्हा भाईजान स्वतः बंदूक घेऊन मुंबईला आले आणि आम्ही त्यांच्याबरोबर एका वृद्ध परवानाधारक कारागिराकडे गेलो. तिथे सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, आम्हीही इथे तसेच म्हणतो. पंच्याहत्तरीच्या पुढचे वय, डोळ्याला भिंग. आधी रजिस्टरमध्ये नोंद केली, मग बंदूक हातात घेतली. डावी पिन बाहेर काढली आणि ती ‘विलायती’ स्प्रिंग एका पांढऱ्या कागदावर ठेवली. पांढरट चमक होती. त्यांनी आमच्याकडे पाहून विचारले, “तुम्ही काय काम करता?” आम्ही सांगितले. मग त्यांनी सुईच्या टोकाने स्प्रिंगचे एक टोक धरून जरा ओढले आणि सोडले. स्प्रिंग ओढली तेवढीच लांब राहिली, परत आली नाही. “ही स्प्रिंग नाही,” उस्ताद म्हणाले, “हे सळई बांधायच्या तारेचे वेटोळे आहे.”

आमच्या पायाखालची जमीन सरकली म्हटले तरी चालेल. पंधराशे रुपये गेल्याचे दुःख नव्हते. काही पैशांची बांधकामाची तार, आणि तिच्यावर एका माणसाचा पाय, कदाचित जीव, टांगलेला होता.

आता तारेचे. स्प्रिंगची तार म्हणजे बाजारात जिला पियानो वायर म्हणतात ती. पोलादात कार्बनचे प्रमाण जास्त, शेकडा पाऊण ते एकच्या दरम्यान. एका ठरावीक पद्धतीने तापवून थंड करतात आणि मग थंडच असताना साच्यांतून ओढत ओढत बारीक करतात. या ओढण्यानेच तिला ताकद येते. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची चांगली तार दर चौरस मिलिमीटरला दोन हजार न्यूटनच्या वर ओढ सहन करते. सळई बांधायची तार मऊ केलेली असते, ती याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकीही भरत नाही. वळायला सोपी, म्हणून आळशी कारागिराला प्रिय. आपल्याकडे या तारेसाठी भारतीय मानक आहे, आयएस ४४५४. त्यात साध्या कामाच्या तारेपासून जास्त ताणाच्या तारेपर्यंत वेगवेगळे दर्जे दिलेले आहेत. तार घेताना दुकानदाराला दर्जा विचारावा. जो दुकानदार ‘तार म्हणजे तार’ म्हणतो त्याच्याकडून पुढच्या दुकानात जावे.

जाडीची गोष्ट तर कापडवाल्याला ऐकण्यासारखी आहे. आपण सुताला नंबर देतो. ४० नंबरचे सूत म्हणजे ८४० वारांच्या ४० लडी मिळून एक पौंड. नंबर वाढला की सूत बारीक. जुन्या इंग्रजी तारेच्या गेजचेही तसेच, नंबर वाढला की तार बारीक. २२ नंबर ०.७१ मिलिमीटर, २४ नंबर ०.५६, २६ नंबर ०.४६. पण अमेरिकन पियानो वायरचा नंबर उलटा चालतो, तिथे नंबर वाढला की तार जाड होते. आपल्याकडे सुताचा काउंट एकीकडे आणि रेशीम-पॉलिएस्टरचा डेनियर दुसरीकडे, तसेच. इंग्रजी २४ नंबर आणि अमेरिकन ९ नंबर या दोन तारा एकाच जाडीच्या आहेत. नुसता नंबर सांगून तार मागवणाऱ्याची फसगत कशी होते ते कापडवाल्यांना वेगळे सांगायला नको. जाडी मिलिमीटरमध्येच बोलावी आणि स्वतः मायक्रोमीटर लावून पाहावी.

उजव्या नळीची मूळ स्प्रिंग अजून शाबूत होती. उस्तादांनी ती मोजली तेव्हा तार ०.५६ निघाली, म्हणजे इंग्रजी २४ नंबर. आम्ही व्यापारी माणूस, लगेच म्हणालो, “बाजारात अर्ध्या मिलिमीटरची सहज मिळते, तीच घेऊ, फरक तो किती?” उस्तादांनी कागदावर आकडे मांडून दाखवले. स्प्रिंगची ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालते. म्हणजे जाडीला जाडीने चार वेळा गुणायचे. ०.५६ च्या जागी ०.५० घेतली तर स्प्रिंग ३६ टक्के कमजोर होते. ०.६० घेतली तर जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कडक होते. केसाएवढा फरक, पण पिन मागे जाते की नाही हे त्यावर ठरते. ०.५५ ची मिळाली तर चालेल, कारण तिथे फरक सहा-सात टक्क्यांवर येतो. गुंडाळीचा घेर वाढला तर उलट होते, ताकद कमी होते, आणि तीही घेराच्या तिसऱ्या घाताने. वेढे वाढवले तर त्या प्रमाणात मऊ. पण वेढे मनाला येतील तेवढे वाढवता येत नाहीत. सात वेढे गुणिले ०.५६ म्हणजे पूर्ण दाबल्यावर स्प्रिंग जवळपास चार मिलिमीटरची होते. पिन पुढे गेल्यावर भोकात तेवढी जागा उरली नाही तर वेढे एकमेकांवर बसून पिन अडते आणि बार उडतच नाही.

आणखी एक चूक आम्ही करणार होतो. जुन्या स्प्रिंगची लांबी मोजून तेवढ्याच लांबीची नवी करायची असे आम्ही धरून चाललो होतो. उस्ताद म्हणाले, “सत्तर-ऐंशी वर्षे दबलेली स्प्रिंग आपली मूळ लांबी विसरलेली असते. तिच्याकडून तारेची जाडी घ्यावी, घेर घ्यावा, वेढे मोजावेत. लांबी भोकाला विचारावी.” ही गोष्ट आम्ही नंतर आमच्या जॉबरलाही सांगितली.

आता ही बनवणार कोण? आमची धाव नागदेवी स्ट्रीटला. मुंबईत यंत्रांचे सुटे सामान, हत्यारे, तार, स्प्रिंगा यांची ही जुनी पेठ, बोहरी व्यापाऱ्यांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्यांची. तार मिळाली, दर्जा लिहिलेली, ०.५५ ची, किलोच्या गुंडाळीत. आम्हाला लागणार होती हातभर. दुकानदाराने हसून किलोचेच पैसे घेतले. स्प्रिंग बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांत संगणकावर चालणारी यंत्रे आहेत, एकदा जुळवले की मिनिटाला ढीग पडतो. पण जुळवायलाच जो वेळ जातो त्याच्यासाठी ते हजारांच्या खाली बोलत नाहीत. पाच-दहा नगांची ऑर्डर म्हटली की चहा देतात आणि दार दाखवतात. त्यांचेही चुकत नाही. आम्हीसुद्धा दोन मीटरसाठी बीम भरत नाही.

परदेशात हा धंदा वेगळा उभा राहिला आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हानियातली वूल्फ ही कंपनी बंदुकांच्या स्प्रिंगा हेच काम करते, आयोवातली ब्राउनेल्स ही कंपनी बंदूक दुरुस्त करणाऱ्यांना सुटे सामान पुरवते. पण तिथेही माल मिळतो तो कारखान्यात एका मापाने लाखोंनी निघालेल्या बंदुकांचा. बर्मिंगहॅमच्या किंवा बेल्जियममधल्या लीएजच्या जुन्या दुनळ्या हाताने घासून जुळवलेल्या. एका बंदुकीची पिन दुसरीत बसत नाही, काही वेळा डाव्या नळीची उजवीतही बसत नाही. त्यांची स्प्रिंग तयार मिळण्याची आशा धरू नये. आपल्या देशात मुंगेरला बंदुकीचे हुन्नर फार जुने, नवाब मीर कासीमने अठराव्या शतकात तिथे राजधानी नेली तेव्हापासूनचे, आणि परवानाधारक कारखाने तिथे आहेत. पण ते आपल्या नव्या मालाच्या मागे, पन्नास मैलांवरच्याही जुन्या बंदुकीची एक स्प्रिंग करण्यात त्यांना काय मिळणार?

शेवटी कारागीर भिवंडीतच निघाला. लूमच्या स्प्रिंगा हाताने वळणारा एक तरुण, एका गाळ्यात छोटे लेथ घेऊन बसतो. उस्तादांनी आपल्या दुकानाच्या कागदावर मापे लिहून, सही-शिक्का मारून त्यांच्या दुकानासाठी म्हणून ऑर्डर दिली, आम्ही फक्त तार पोचवली. माल उस्तादांकडे जाणार, तपासणी तेच करणार, बसवणार तेच. आम्हाला मध्ये दलाली नाही, हे गमतीने लिहितो.

पहिला लॉट दहा नगांचा. दिसायला इतका सुंदर की आम्ही खूश होऊन गेलो. उस्तादांनी एक-एक स्प्रिंग पूर्ण दाबून रात्रभर छोट्या शिकंज्यात ठेवली. सकाळी दहापैकी सात आखूड झालेल्या, काही एका बाजूला वाकलेल्या. कारण निघाले ते असे. शेवटचा वेढा सपाट बसावा म्हणून त्या तरुणाने टोकांना गॅसची ज्योत देऊन लाल केले होते. त्याने हे आपल्या वडिलांकडून शिकलेले, आणि वडिलांनी ज्या कामासाठी शिकवले त्या कामाला ते बरोबरच होते. जुन्या बंदुकीत घोड्याची मुख्य स्प्रिंग इंग्रजी व्ही अक्षरासारखी घडवलेली असते. ती घडवताना पोलाद लाल करायचे, तेलात बुडवायचे, मग बेताने पुन्हा तापवून तिचा ठिसूळपणा काढायचा, असे काम असते. पण पियानो वायरची ताकद थंड ओढण्यातून आलेली. तिला लाल केले की तेवढ्या भागातली ताकद गेली, ती सळईच्या तारेच्या भावात आली. एकाच शब्दाखाली दोन वेगवेगळी हुन्नरे आहेत आणि एकाचा कायदा दुसऱ्याला लावला की माल बिघडतो.

तो तरुण आधी मानायला तयार नव्हता. “सेठ, लूमवर माझी एकही स्प्रिंग परत आलेली नाही.” आम्ही त्याला उस्तादांकडे घेऊन गेलो. उस्तादांनी त्याच्यासमोर चांगल्या तारेचा एक तुकडा वाकवून सोडला, तो सरळ झाला. मग दुसरा लाल करून, थंड करून वाकवला, तो वाकलेलाच राहिला. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मला पुन्हा करू द्या. पैसे नकोत.” पैसे आम्ही दिलेच.

एवढ्यात मार्च २०२० उजाडला आणि लॉकडाऊन लागला. भिवंडीचे लूम बंद, गाळे बंद, कारागीर गावाकडे. दुसरा लॉट निघायला पावसाळा संपत आला. या वेळी त्याने गज, म्हणजे ज्यावर तार गुंडाळतात तो, हव्या असलेल्या आतल्या घेरापेक्षा बारीक घेतला, कारण तार सोडली की स्प्रिंग थोडी उलगडते आणि घेर वाढतो. किती बारीक घ्यायचा याला कोष्टक आहे, पण खरे माप दोन-तीन नमुने वाया घालवूनच मिळते. टोकाचे वेढे थंडच दाबून बसवले. मग सगळ्या स्प्रिंगा भट्टीत २३० ते २५० अंशांवर अर्धा तास ठेवल्या, वळताना तारेत आलेला ताण निघून जावा म्हणून. या उष्णतेला तार लाल होत नाही, फार तर रंग जरा पिवळसर-तपकिरी होतो. लांबी मुद्दाम जरा जास्त ठेवली, आणि पूर्ण दाबून सोडण्याचे काम चार-पाच वेळा केले. पहिल्या दाबाला ती थोडी आखूड होते, मग तिथेच थांबते. जी थांबत नाही ती बाद.

आम्ही सुचवले की कोकणच्या हवेसाठी वरून झिंकचा मुलामा द्यावा. उस्तादांनी साफ नाही म्हटले. मुलाम्याच्या हौदात हायड्रोजन पोलादात शिरतो आणि अशी कडक तार काही दिवसांनी आपोआप तडकते. स्टेनलेसची करता आली असती, पण ती त्याच मापात साधारण १२ ते १४ टक्के मऊ पडते, म्हणजे मापे पुन्हा मांडावी लागली असती. पातळ तेल लावावे आणि वर्षातून एकदा बंदूक दुकानात आणून दाखवावी, हा त्यांचा इलाज. निवडणुकीत जमा करून परत आली की तेव्हाही.

दुसऱ्या लॉटमधल्या दहापैकी नऊ पास झाल्या. उस्तादांनी दोन्ही नळ्यांच्या स्प्रिंगा बदलल्या, उजवीची जुनी चांगली असूनही. आम्ही विचारले तर म्हणाले की एक मेली तर दुसरी तिच्याच वयाची आहे. मग रिकाम्या बंदुकीत पिन दाबून सोडली, ती टचकन मागे गेली. नळ्यांची तोंडे खाली, वर, आडवी, सगळीकडे धरून पाहिले. बिल झाले त्यावर स्प्रिंगचे माप, तारेचा दर्जा, संख्या, बंदुकीचा नंबर, परवान्याचा नंबर, सगळे लिहिलेले. एकूण रक्कम त्या पहिल्या दुकानापेक्षा कमी होती.

एक अडचण मात्र आम्हाला दिसते आणि ती धंद्याचीच आहे. उस्तादांकडे शिकायला कुणी नाही. मुलगा दुसऱ्या व्यवसायात गेला. परवानाधारक दुरुस्तीच्या दुकानांत नव्या बंदुका विकण्यात आणि सांभाळायला ठेवण्याच्या भाड्यात मिळकत आहे, बारीक कामात नाही. बारीक काम करणारा परवानाधारक मिळत नाही म्हणूनच माणूस सळईच्या तारेपर्यंत पोचतो. ज्यांच्याकडे स्प्रिंगचा गाळा आहे अशा आपल्या तरुणांनी एखाद्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याशी जोडून घेऊन, त्याच्या लेखी ऑर्डरवर, अशी पाच-दहा नगांची कामे करायला हरकत नाही. घड्याळे, शिलाई मशीन, जुने कॅमेरे, दवाखान्यातली उपकरणे, सगळीकडे हीच अडचण आहे आणि तिथे परवान्याचीही भानगड नाही. त्या तरुणाने आता आपल्या गाळ्यात एक छोटी भट्टी घेतली आहे आणि मायक्रोमीटरही. डॉबीच्या स्प्रिंगा तो आता दर्जा विचारून घेतलेल्या तारेच्या करतो, भाव थोडा जास्त लावतो, आणि गिऱ्हाईक कुरकुरत का होईना देते.

त्या वर्षीच्या दिवाळीत आम्ही गावी गेलो होतो. भाईजाननी बंदूक मिटताना गड्याला आधी पाठीमागे जायला सांगितले. तो नवा गडी होता. जुना काही परत आला नाही.

उरलेल्या सात स्प्रिंगांबद्दल भाईजाननी उस्तादांना फोनवर विचारले होते, एखाददुसरी गावी ठेवायला देता का म्हणून. उस्ताद म्हणाले, “त्या माझ्या रजिस्टरवर चढल्या आहेत. तुमची बंदूक येईल तेव्हा त्या मिळतील.” एका जुन्या औषधाच्या डबीत त्या ठेवलेल्या आम्ही पाहिल्या आहेत, तेलात बुडवून, वर चिठ्ठी लावून. चिठ्ठीवर भाईजानच्या बंदुकीचा नंबर आहे आणि खाली तारेची जाडी, ०.५५.